स्पर्धेच्या आदल्या रात्रीचा रंग

शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत खेळाडू रांगेने स्टेजवर आले की पहिल्यांदा बघणाऱ्याला एक गोष्ट लगेच जाणवते. सगळ्यांचा रंग एकच, गडद आणि तांबूस झाक असलेला तपकिरी. घरी हीच मुलं कुणी गोरी, कुणी गव्हाळ, कुणी सावळी असतात. स्टेजवरचा रंग आदल्या रात्री अंगावर फवारलेला असतो. सगळे त्याला नुसतं ‘टॅन’ म्हणतात.

या टॅनबद्दल व्यायामशाळांमध्ये दोन मतं आहेत, आणि दोन्ही ठामपणे मांडणारी माणसं मला परळच्या एकाच व्यायामशाळेत भेटली. अण्णा तिथले जुने प्रशिक्षक. गिरण्या चालू होत्या त्या काळात ते स्वतः स्टेजवर उभे राहिलेले. ताई त्यांच्याकडेच शिकलेली. आता पार्लर चालवते आणि हंगामात खेळाडूंना टॅन करून देते. अण्णांची एक विद्यार्थिनी पहिल्यांदाच महिलांच्या गटात उतरायची होती. तिला टॅन करायचा की नाही, यावरून विषय निघाला. ती पलीकडे आरशासमोर पोझिंग करत होती.

अण्णा : मला आधी हे सांग, आपली पोरं काय गोरीपान आहेत? ही मुलगी मुळात सावळी. तिला आणखी काळी करून काय मिळवायचंय? गोऱ्यांच्या देशातलं फॅड आहे हे. त्यांना गरज असेल, आपल्याला काय?

ताई : अण्णा, सावळी आहे ती चेहऱ्याने आणि हातांनी. तिच्या मांड्या बघा, पोट बघा, पाठ बघा. रोज कपड्याखाली झाकलेलं अंग चांगलं दोन छटा उजळ आहे. बाह्यांची रेघ दंडावर स्पष्ट दिसते. बिकिनीवर ती उभी राहील तेव्हा तिचे तीन वेगवेगळे रंग दिसतील. आणि दिवे? समोरून आणि वरून एवढा झोत येतो की उजळ कातडीवरची सावलीच पुसली जाते. तुम्हीच शिकवलंत ना, कट्स म्हणजे काय? खाचेत पडलेली सावली. ती सावलीच गेली तर वर्षभर घाम गाळून कमावलेला खांदा सपाट दिसतो.

अण्णा : आम्ही काय सपाट दिसायचो? खोबरेल तेल लावायचो अंगाला, बस. त्या भिंतीवरचा फोटो बघ. मनोहर आईच. १९५२ला मिस्टर युनिव्हर्स. पाच फूटही उंची नाही. त्यांच्या अंगावर कुठे फवारा होता?

ताई : फोटो काळापांढरा आहे, अण्णा. फोटोग्राफरने एका बाजूने दिवा ठेवून काढलेला. तसा दिवा आता स्टेजवर कोण ठेवतं? आणि तेलाचं म्हणाल, तर नुसतं तेल आताच्या दिव्यांखाली चकाकतं. चकाकलं की पुन्हा कट्स गायब. टॅनवर हलका हात फिरवण्यापुरतं तेल ठीक.

अण्णा : बरं, मग ऊन होतं की. स्पर्धेच्या आधी महिनाभर गच्चीवर चटई टाकून पडायचो आम्ही. फुकट काम.

ताई : तेवढं मात्र या मुलीला कधी सांगू नका. फुकट नव्हतं ते. उन्हाने कातडी काळवंडते याचा अर्थच हा की आतल्या पेशींना इजा झाली आणि शरीर स्वतःला वाचवायला रंग तयार करतंय. परदेशात त्यासाठी दिव्यांच्या पेट्या निघाल्या, त्यात झोपून लोक काळे व्हायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९मध्ये त्या पेट्या तंबाखूच्याच वर्गात टाकल्या, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे पक्कं ठरलेल्या गोष्टींच्या यादीत. ब्राझीलने त्याच वर्षी बंदी घातली. ऑस्ट्रेलियात एकेका राज्याने ती दुकानं बंद केली. आपल्या कातडीला धोका कमी, पण नाहीच असं नाही. मी जे फवारते त्याला ऊन लागत नाही, हाच तर त्याचा मोठा फायदा.

इथे ताईची बाजू भक्कम आहे. गच्चीवरच्या उन्हाबद्दल जुन्या खेळाडूंना जो जिव्हाळा आहे तो मला समजतो, पण एप्रिलच्या दुपारी तेल चोपडून उघड्या अंगाने पडून राहणं ही नैसर्गिक गोष्ट म्हणून चांगली ठरत नाही. अण्णाही त्यावर फार अडले नाहीत. त्यांची खरी शंका पुढची होती.

अण्णा : पण मग आहे काय त्या बाटलीत? रंगच ना? भिंतीला लावतात तसा?

ताई : रंग असतो, पण तो वरवरचा. आपल्याला कुठे फवारलं, कुठे राहिलं ते दिसावं म्हणून. तो पहिल्या अंघोळीत जातो. खरं काम करतं ते डीएचए, डायहायड्रॉक्सीॲसिटोन. ती एक साधी साखर आहे, तीन कार्बनची. ग्लिसरीनपासून जिवाणूंच्या मदतीने बनवतात. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशी असतात, त्यातल्या प्रथिनांशी ही साखर जुळते आणि तपकिरी होते. तव्यावर भाकरीला डाग पडतात ना, तीच जातकुळी. माइयार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२मध्ये ही क्रिया मांडली. तव्यावर विस्तव लागतो, इथे अंगाच्या ऊबेवर हळूहळू होतं. दोन-चार तासांनी रंग चढायला लागतो आणि दिवसभर गडद होत जातो. ताज्या टॅनला जो भाजका वास येतो, तो त्याचाच.

अण्णा : मेलेल्या पेशी म्हणजे आत जात नाही?

ताई : मुख्य काम वरच्या थरातच होतं. म्हणूनच पाच-सात दिवसांत उतरतो. तो थर रोज झडतच असतो, त्याच्याबरोबर रंगही झडतो.

या द्रव्याचा शोध लागला तो सौंदर्यासाठी नव्हे, आणि ती हकीकत सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात ईव्हा विटगेनस्टाइन नावाच्या संशोधक काम करत होत्या. शरीरात साखर साठवण्यातच बिघाड असलेल्या मुलांना त्या तपासणीसाठी डीएचए तोंडावाटे देत. पोरंच ती. काही औषध ओठांवरून ओघळायचं, काही थुंकलं जायचं. जिथे जिथे ते कातडीवर सांडलं तिथे काही तासांनी तपकिरी डाग उमटायचे, पण कपड्यांवर मात्र काही नाही. विटगेनस्टाइनबाईंनी ते द्रावण स्वतःच्या कातडीवर लावून पाहिलं आणि तोच डाग तिथेही आला. लवकरच ते कोड असलेल्यांच्या पांढऱ्या डागांवर वापरून बघितलं गेलं. पुढे १९६०च्या सुमारास ते बाटलीत भरून बाजारात आलं. त्वचारोगतज्ज्ञ आजही कोडाचे डाग झाकायला डीएचए सुचवतात. आपल्याकडे कोडापायी किती मुलींची लग्नं मोडली, किती जणी उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांत वावरल्या, हे वेगळं सांगायला नको. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा ‘नितळ’ त्याच दुखण्यावरचा सिनेमा. झाकण्याची गरज पडू नये हे खरंच. पण ज्याला आज चारचौघांत जायचंय त्याला हा आठवडाभराचा रंग केवढा आधार देतो. टॅनविषयी बोलताना ही बाजू सगळ्यात कमी निघते, याचं मला वाईट वाटतं.

अण्णा : तुझं शास्त्र मी मान्य करतो. पण मी जे डोळ्यांनी बघतो ते सांगू? मागच्या हंगामात एका स्पर्धेला शाळेचा वर्ग दिला होता कपडे बदलायला. खिडक्या बंद, कारण बाहेर लोक. आत आठ-दहा पोरं उघडी, आणि एक जण मशीन लावून सपासप फवारतोय. सगळी हवा तपकिरी. माझा एक मुलगा खोकून खोकून बेजार. पंप मारायचा सोडून बाहेर पायरीवर बसला. ही तुझी निर्धोक साखर?

ताई : नाही. तिथे तुमचंच बरोबर आहे, आणि मी ते कधी लपवत नाही. कातडीवर लागणं वेगळं आणि छातीत जाणं वेगळं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डीएचएला परवानगी दिली ती कातडीला बाहेरून लावण्यापुरती. ओठ, डोळ्यांच्या आसपास, नाकाच्या आत लागायला नको, श्वासातून जायला नको, असं तेच सांगतात. म्हणून माझ्याकडे नाकाला फिल्टर, डोळ्यांना झाकण, ओठांना व्हॅसलीन आणि मी सांगेन तेव्हा श्वास रोखायचा. खिडकी उघडी, पंखा बाहेर हवा फेकणारा. दमा असेल तर फवारा नाहीच. हातमोजा चढवून फेस लावायचा. आणि फवारते मी, दिवसभर त्या धुक्यात उभी राहते मी. मास्कशिवाय काम करणारीचं काय होईल?

अण्णा : आणि तो स्पंज? एका ट्रेमध्ये रंग ओततात आणि एकच स्पंज, नाहीतर भिंतीचा रोलर, सगळ्यांच्या अंगावरून फिरवतात. पहिल्याच्या काखेत नायटा असेल तर दहाव्याला प्रसाद.

ताई : हो, आणि नायटा आता साध्या मलमाने जात नाही. महिनोन् महिने राहतो. प्रत्येकाचा स्पंज वेगळा, उरलेला रंग परत बाटलीत ओतायचा नाही. हे कुणी पाळत नसेल तर त्याच्याकडून रंग लावून घेऊच नये, मग तो फुकट का देईना.

अण्णांचा राग रंगावर आहे असं त्यांना वाटतं. ऐकताना मला वाटलं, तो बंद खिडकीवर आणि एका स्पंजवर आहे. हौशी स्पर्धांत शेवटच्या दोन तासांत जी धांदल उडते, त्यात आयोजक स्टेज, दिवे आणि पाहुण्यांचे हार सांभाळतात. टॅनसाठी हवेशीर जागा आणि पुरेसा वेळ देणं ही आपली जबाबदारी आहे असं कुणाच्या डोक्यात येत नाही. ते यायला हवं.

मग अण्णांनी विचारलं, समजा करायचाच ठरला, तर या मुलीने काय काय करायचं. ताई खुर्ची ओढून बसली. हा तिचा विषय.

ताई : आजच कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघते. दोन दिवस थांबायचं. खाज आली, लाल झालं तर विषय संपला. वॅक्सिंग करायचं ते टॅनच्या निदान दोन दिवस आधी; ताज्या वॅक्सिंगवर फवारलं तर प्रत्येक रंध्रात ठिपका बसतो. टॅनच्या आदल्या रात्री घासून अंघोळ. टाचा, गुडघे, कोपरं नीट घासायची, कारण जाड कोरडी कातडी रंग जास्त पिते आणि तिथे काळे गोळे दिसतात. टॅनच्या दिवशी अंगाला काही लावायचं नाही. लोशन नाही, अत्तर नाही, पावडर नाही. डिओ तर नाहीच. डिओवर टॅन बसला की काखा हिरवट दिसतात. मी बघितल्यात.

अण्णा : हिरव्या?

ताई : हिरव्या! आणि हात वर केल्याशिवाय डबल बायसेप्स होत नाही. मग फवारण्याआधी फक्त गुडघे, कोपरं, घोटे आणि बोटांच्या पेरांवर क्रीमचा पातळ हात, नखांभोवती जरा जास्त. पहिला कोट संध्याकाळी, दुसरा रात्री, तिसरा सकाळी. प्रत्येक वेळी हात-पाय फाकून पंख्यासमोर उभं राहायचं, अंग अंगाला लागता कामा नये. तळहात लगेच पुसायचे. झोपताना सैल, काळे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि जुनी चादर.

अण्णा : आणि पाणी?

ताई : तेच तर अवघड. एक थेंब पडला की पांढरा ओघळ. भांडी घासायची नाहीत, तोंड धुवायचं नाही, ओल्या टिश्यूने पुसायचं. बाथरूमचं तर मुलींना आधी नीट समजावून सांगावं लागतं. आपल्याला पाण्याची सवय. त्या रात्री पाणी नाही, कागद. आणि शिंतोडा मांडीवर उडू नये म्हणून कागदी कप वापरायचा. लाजून हे कुणी सांगत नाही, आणि मग सकाळी मुलगी मांड्यांवर पट्टे घेऊन रडत येते. मुंबईची हवा दमट, घामही तोच घोळ करतो. म्हणून फवारल्यावर जिने चढउतार नाही, लोकलची गर्दी नाही. मैदानावर जायला गाडी, आणि सीटवर चादर.

अण्णा : स्टेजवर गळायला लागला तर?

ताई : गळणारा रंग चालतच नाही. आयएफबीबी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या हौशी स्पर्धांचा नियमच आहे : हात फिरवल्यावर बोटाला रंग लागला तर पुसून या म्हणतात. चमकी, सोनेरी झाक, तीही नाही. टॅन कातडीत मुरलेला हवा, म्हणून तर आदल्या रात्रीपासून वेळ लागतो. सकाळी क्रीम फासून उभं राहणाऱ्यांनीच टॅनचं नाव खराब केलंय.

अण्णा : या सगळ्याला पैसे किती लागतात, ते बोल ना. अंडी आणि चिकनमध्येच पोरांचे पगार संपतात. वर्गणी काढून प्रवेश फी भरलेली असते. त्यात परदेशी बाटली. ज्याच्याकडे पैसा आहे तो स्टेजवर तयार दिसणार आणि चाळीतला पोरगा पट्ट्यापट्ट्यांचा. हा न्याय?

ताई : न्याय नाही. पण आणखी एक बघा. ही मुलगी लहानपणापासून काय ऐकत आली? उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील. हळद लाव, बेसन लाव. गोरेपणाच्या त्या क्रीमने २०२०मध्ये नावातला गोरेपणा काढला, पण घरांतून निघाला का? आणि इथे हे एक स्टेज आहे जिथे गोरीला सगळ्यात जास्त कोट लागतात. गोरेपणाचा एक मार्क नाही. मी पहिल्यांदा टॅन करून आरशात बघितलं ना अण्णा, तेव्हा मला माझ्या रंगाची भीती वाटायची थांबली.

अण्णा : तुझं पटतंय मला. पण तू एक विसरतेस. गोरेपणाचे मार्क गेले आणि गडदपणाचे आले. रंगाला मार्क नकोत म्हणतेस, आणि रंग लावल्याशिवाय मुलगी रांगेत उभी राहू शकत नाही म्हणतेस. मग सुटका कुठे झाली? जी मुळात छान काळीसावळी आहे, जिचं शरीर तयार आहे, तिलाही तू सांगणार की तुझा रंग पुरेसा नाही. तिला ते आयुष्यभर सांगितलंच होतं. फक्त उलट बाजूने.

ताई थोडा वेळ बोलली नाही. मीही अण्णांच्या या बोलण्यावर बराच विचार केला, आणि मला ते खोडता येत नाही. दिव्यांचं गणित खरं आहे, सावलीचं खरं आहे. पण दिवे माणसांनीच लावलेत. थोडे तिरपे, थोडे मऊ दिवे ठेवले तर तीन कोटांचं काम एकात भागेल, कदाचित त्याचीही गरज उरणार नाही. ते ठरवणं खेळाडूच्या हातात नाही, आणि म्हणून सगळा भार तिच्या कातडीवर आणि तिच्या पाकिटावर येतो.

ताई : दिवे बदला म्हणून तुम्ही संघटनेला पत्र लिहा, मी सही करते. पण ही मुलगी या रविवारी उभी राहणार आहे. रविवारी दिवे तेच असतील.

अण्णा : नियमात सक्ती आहे का टॅनची?

ताई : सक्ती नाही. मार्क शरीराला, प्रमाणबद्धतेला, सादरीकरणाला. पण पहिल्या तुलनेत पाच जणींना शेजारी उभं करतात. चौघी गडद आणि ही एकटी फिकट. परीक्षकाची नजर आधी फरकावर जाते, मग स्नायूंवर.

अण्णा : आणि नंतर? रविवारी स्पर्धा, सोमवारी हिला कॉलेज आहे. पालीसारखी दिसत जाणार?

ताई : घासत बसली तर तशीच दिसेल. टॅन एकसारखा उतरवायचा असेल तर त्याच रात्री आधी अंगभर तेल, चांगलं अर्धा तास मुरू द्यायचं. मग गरम पाणी, साबण, मऊ पंचा. उटणं लावायचं तर तेलानंतर, कोरडं नाही. वरचा रंग धुऊन जाईल, आतला राहील. पुढचे दिवस रोज सकाळ-संध्याकाळ लोशन. कोरड्या कातडीवरून टॅन तुकड्यातुकड्याने निघतो, मग मान आणि काखा चट्ट्यांच्या दिसतात. आणि टॅन आहे म्हणून उन्हात बिनधास्त फिरायचं नाही. हा रंग उन्हापासून काहीही वाचवत नाही. सनस्क्रीन लागतंच, पहिल्या दिवशी तर उन्हात न गेलेलं बरं.

अण्णा : तिच्या आईला हे सगळं कोण सांगणार?

ताई : मी सांगते. पण आधी हिला विचारलंय का कुणी?

इतका वेळ आरशासमोर साइड चेस्ट लावून उभी असलेली मुलगी सगळं ऐकत होती. तिने हात खाली सोडले.

“अण्णा, मला टॅन करायचाय,” ती म्हणाली. “पण ताई, चेहऱ्याला नको. सोमवारी माझं प्रॅक्टिकल आहे.”

“चेहऱ्याला मी फवारतच नाही गं. चेहरा मेकअपने जुळवायचा, रात्री धुतला की गेला. हात राहतील आठवडाभर, लॅबमध्ये हातमोजे घाल.”

“आणि मला उरलेला स्पंज नको. नवा.”

“नवाच.”

अण्णांनी वर्गणीच्या वहीतून एक पान फाडलं आणि रविवारी मैदानावर कुणाला फोन करून खिडकीची खोली मागायची, त्याचं नाव लिहायला घेतलं.